डॉ. हरिसिंग गौर : तीन विद्यापीठांचे कुलगुरू



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. यंदा मी डॉ. हरिसिंग गौर यांचे नाव सुचवले तेव्हा बैठकीत दोघातिघांनी विचारले, हे गौर कोण? एका ज्येष्ठ सभासदाने तर स्पष्टच सांगितले की हा माणूस आपल्या चळवळीतला नव्हे, मग आपल्या पानावर कशाला? प्रश्न रास्त होता. डॉ. गौर बाबासाहेबांच्या चळवळीत कधीच नव्हते. त्यांचे राजकारण वेगळे, राहणी वेगळी, पैसाही अमाप. तरी हे चरित्र आपण का वाचायचे, ते सांगायला मला एका लग्नापासून सुरुवात करावी लागेल.

आपल्या विहारात लग्न लागते ते किती साधे असते हे तुम्ही जाणताच. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार, मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील, आणि अर्ध्या तासात पंगत. पण मुलगा आपला आणि मुलगी दुसऱ्या समाजाची असली की गोष्ट बदलते. मग विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची असते. अर्ज द्या, नोटीस लागते, तीस दिवस थांबा, आणि तीन साक्षीदार घेऊन जा. अशा लग्नाला मी तीन वेळा साक्षीदार म्हणून गेलो आहे. एकदा तर त्या तीस दिवसांत मुलीच्या घरच्यांना नोटिशीची बातमी लागली आणि त्यांनी आमच्या वस्तीत येऊन मोठा गोंधळ घातला. मुलीची आई रस्त्यात बसून रडत होती. तिचंही दुःख खरंच होतं, पण पोरीने माघार घेतली नाही. ठरल्या दिवशी सही झाली. साहेबांनी कागदावर शिक्का मारला तेव्हा तिने मला विचारले, काका, हा कायदा बाबासाहेबांनी केला का हो?

मी सवयीने हो म्हणून टाकले. घरी आलो आणि मन खाऊ लागले, कारण मला नक्की माहीत नव्हते. १९५४ साली हा कायदा झाला तेव्हा बाबासाहेब मंत्रिमंडळात नव्हते, ते १९५१ मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडले होते. मग शोध घेतला. १९५४ च्या मागे १९२३ चा कायदा निघाला, आणि १९२३ च्या मागे डॉ. हरिसिंग गौर निघाले. आणि हे गौर म्हणजे आपल्याच नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू!

डॉ. गौर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७० रोजी सागर येथे झाला. सागर हे बुंदेलखंडातले गाव, आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा आपला वर्धा जिल्हा आणि सागर एकाच मध्यप्रांतात होते आणि राजधानी नागपूर. घरची परिस्थिती बेताची. गावच्या शाळेत शिकून पुढे ते नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात शिकले. त्या वेळी नागपूरला कॉलेज होते पण विद्यापीठ नव्हते. परीक्षा कलकत्ता विद्यापीठाची. नागपूरच्या पोराने अभ्यास नागपुरात करायचा आणि पास-नापास कलकत्त्याने ठरवायचे, असा तो काळ. पुढे कलकत्त्याच्या जागी अलाहाबाद आले, एवढाच फरक. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण या माणसाच्या पुढच्या साठ वर्षांत ती परत परत येते.

१८८९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजात दाखल झाले. तिथे तत्त्वज्ञान आणि कायदा शिकले, बॅरिस्टर झाले, परत आले आणि मध्यप्रांतात वकिली सुरू केली. वकिली जोरात चालली. पण नुसती वकिली करून पैसा मोजत बसले असते तर आज कोणी नाव घेतले नसते. त्यांनी कायद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले. मालमत्तेच्या हस्तांतरणाचा कायदा, फौजदारी कायदा, आणि १९१९ मध्ये हिंदू कायद्यावरचा ग्रंथ. या शेवटच्या ग्रंथाचे नाव ‘हिंदू कोड’ असे आहे. सगळीकडे विखुरलेला, पंथापंथांत आणि प्रांताप्रांतांत वेगळा असलेला हिंदू कायदा त्यांनी कलमवार मांडला. बाबासाहेब ज्या हिंदू कोड बिलासाठी झटले ते नाव आपल्या घराघरात माहीत आहे, पण त्याच्या किती तरी आधी त्याच नावाचा ग्रंथ नागपूर भागातल्या एका वकिलाने लिहून ठेवला होता, हे मलाही ठाऊक नव्हते.

१९१८ पासून काही वर्षे ते नागपूर नगरपालिकेचे अध्यक्ष होते. नळ, गटार, रस्ते ही कामेही केलेला हा माणूस आहे. १९२१ मध्ये ते दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथे राहिले. १९२५ मध्ये सरकारने त्यांना सर ही पदवी दिली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

इंग्रजांच्या राज्यात १८७२ चा एक विवाह कायदा होता. दोन वेगळ्या जातींच्या किंवा धर्मांच्या माणसांना लग्न करायचे असेल तर त्या कायद्याखाली नोंदणी करता येत असे, पण एक अट होती. वधू आणि वर दोघांनीही लिहून द्यायचे की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, ज्यू नाही, बौद्ध नाही, शीख नाही, जैन नाही. म्हणजे लग्न हवे तर धर्म नाकारा, आणि धर्म हवा तर जातीतच लग्न करा. अनेकांनी नाइलाजाने खोटी प्रतिज्ञा केली. ज्यांना खोटे बोलवले नाही ते अडकले. कारण हिंदू कायद्याप्रमाणे वेगळ्या वर्णांतले लग्न कोर्टात टिकेल याची खात्री नव्हती, आणि टिकले नाही तर मुलांचा वारसा गेला. जातिव्यवस्था नुसत्या रूढीवर उभी होती असे आपण समजतो, पण कोर्टसुद्धा तिच्या मागे उभे होते.

हे बदलायचा प्रयत्न आधीही झाला होता. भूपेंद्रनाथ बसू यांनी १९११ मध्ये विधेयक आणले, ते पडले. विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ मध्ये आंतरजातीय विवाहासाठी आणले, त्यावर देशभर सनातन्यांनी सभा घेतल्या, तेही पुढे गेले नाही. डॉ. गौर यांनी कायदेमंडळात पाऊल टाकल्याबरोबर हेच काम हातात घेतले. चर्चेत विधेयकाची बरीच कापाकापी झाली. शेवटी १९२३ मध्ये जो कायदा मंजूर झाला त्यात हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन या चौघांनाच सूट मिळाली. या चार धर्मांतल्या लोकांनी एकमेकांत, किंवा एकाच धर्मातल्या वेगळ्या जातींत, लग्न करावे आणि त्यासाठी आपला धर्म नाकारावा लागू नये. कायद्यात बौद्ध हा शब्द आहे, बंधूंनो. नागपूरच्या दीक्षेच्या तेहेतीस वर्षे आधी.

पण या कायद्याची किंमत होती आणि ती लपवून चालणार नाही. असे लग्न करणारा मुलगा त्या दिवसापासून एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असे धरले जाई. त्याला दत्तक घेण्याचा अधिकार राहत नसे. आणि तो बापाचा एकुलता एक मुलगा असेल तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घ्यायची मुभा होती! म्हणजे पोराने जातीबाहेर लग्न केले की कायद्यानेच त्याला मेल्यात जमा केले. हे वाचून मला संताप आला. गौरांनी हे कसे मान्य केले? कदाचित वकील माणूस, त्यांना कळले असेल की एवढे दिले नाही तर काहीच मिळणार नाही. मला विचाराल तर मला हा सौदा पटत नाही, पण सौदा झाला नसता तर पुढची तीस वर्षे दारच बंद राहिले असते हेही खरे. १९५४ च्या कायद्यात दत्तकाच्या या अटी राहिल्या नाहीत, पण कुटुंबातून वेगळे होण्याचे कलम राहिलेच. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ते लागू होत नाही.

१५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचा डॉ. शारदा कबीर म्हणजे माईसाहेब यांच्याशी विवाह झाला. तो नोंदणी पद्धतीने झाला. वर कोणत्या समाजाचा आणि वधू कोणत्या, हे तुम्हाला सांगायला नको. हिंदू कायद्याखालची आंतरजातीय लग्ने सरसकट कायदेशीर ठरवणारा कायदा १९४९ मध्ये आला, म्हणजे त्यानंतर. तोपर्यंत धर्म न नाकारता जातीबाहेर लग्न करण्याची नोंदणीची वाट ही १९२३ नेच मोकळी केलेली होती.

स्त्रियांच्या बाबतीतही त्यांनी असेच केले. कायदा शिकलेल्या बाईला वकिली करता येत नव्हती. कलकत्त्याला रेजिना गुहा यांना १९१६ मध्ये हायकोर्टाने नाकारले, पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांना १९२१ मध्ये नाकारले. १९२२ मध्ये गौर यांनी कायदेमंडळात ही बंदी उठवण्याचा विषय मांडला आणि १९२३ मध्ये कायदाच झाला की केवळ बाई आहे म्हणून कोणाला वकिलीपासून अडवता येणार नाही. आज वर्ध्याच्या कोर्टात काळा कोट घालून आपल्या लेकी उभ्या राहतात, त्याची सुरुवात तिथली. लहान मुलींच्या संरक्षणासाठी संमतिवय वाढवण्याची विधेयकेही त्यांनी एकामागून एक आणली. १९२५ मध्ये थोडी वाढ झाली, पण त्यांना ती पुरेशी वाटली नाही. पुढे १९२८ मध्ये सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, आणि १९२९ मध्ये बालविवाह रोखणारा शारदा कायदा झाला.

भारताचे स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असावे, शेवटच्या अपिलासाठी लंडनला जावे लागू नये, हा ठराव त्यांनी १९२१ मध्येच मांडला होता. त्या वेळी मोठमोठ्या देशभक्तांनाही तो घाईचा वाटला. परीक्षा कलकत्त्याला आणि अपील लंडनला, ही दोन्ही दुखणी त्यांनी स्वतः सोसलेली होती.

विद्यापीठांकडे येऊ. १९२२ मध्ये दिल्ली विद्यापीठाचा कायदा झाला आणि डॉ. गौर त्याचे पहिले कुलगुरू झाले. तेव्हाचे दिल्ली विद्यापीठ म्हणजे आजचे अवाढव्य नव्हे. सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस, अशी तीन कॉलेजे आणि काही शे विद्यार्थी. १९२६ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. इकडे ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. आपला वर्धा जिल्हा पहिल्यापासून याच विद्यापीठाखाली आला. १९४० मध्ये वर्ध्याला जी. एस. कॉमर्स कॉलेज निघाले तेही त्यालाच जोडलेले. आपल्या वस्तीत ज्यांच्या घरी बी.ए., बी.कॉम. च्या पदव्या भिंतीवर लावल्या आहेत त्यांनी एकदा नीट पाहावे, २००५ पर्यंतच्या पदवीवर नागपूर विद्यापीठ एवढेच लिहिलेले सापडेल. त्यानंतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आले. या विद्यापीठाचे कुलगुरूपद डॉ. गौर यांनी १९२८ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये सांभाळले.

आणि आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की १९२९ मध्ये त्यांचा बौद्ध धम्मावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, ‘द स्पिरिट ऑफ बुद्धिझम’. नागपूरच्या कुलगुरूपदावर आल्यानंतरच्याच वर्षी. हा काळ आठवा. येवल्याची घोषणा १९३५ ची. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ १९५७ मध्ये, त्यांच्या परिनिर्वाणानंतर आला. त्या वेळी मध्यप्रांतात बुद्धाचे नाव घेणारे किती होते? अशा काळात हिंदू कायद्यावर अधिकाराने लिहिणारा एक बॅरिस्टर बुद्धाकडे वळतो आणि बुद्धाचा उपदेश बुद्धीला पटणारा, नीतीवर उभा असलेला म्हणून मांडतो. मी हा ग्रंथ एका वाचनालयात बसून चाळला. इंग्रजी जड आहे, शब्दकोश जवळ ठेवावा लागतो. त्यांची मांडणी बाबासाहेबांसारखी नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथात दुःखी माणूस समोर उभा दिसतो, गौरांच्या ग्रंथात विद्वान माणूस विद्वानांशी बोलतो. अस्पृश्याच्या अंगणात तो ग्रंथ कधी उतरला नाही. हा फरक आहे आणि तो मोठा आहे. म्हणूनच धम्मचक्र बाबासाहेबांनी फिरवले, गौरांनी नव्हे.

या दोघांची आयुष्ये मात्र अधूनमधून एकमेकांजवळ येतात. १९२८ मध्ये सायमन कमिशन आले तेव्हा काँग्रेसने बहिष्कार टाकला. गौर कायदेमंडळाच्या वतीने नेमलेल्या मध्यवर्ती समितीत होते, बाबासाहेब मुंबई प्रांताच्या समितीत. दोघांनीही शिव्या खाल्ल्या. १९३३ मध्ये लंडनला पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे हिंदुस्थानातून जे प्रतिनिधी बोलावले त्यांत दोघांचीही नावे आहेत. पुढे संविधान सभेतही दोघे सभासद होते.

सगळ्यात मोठे काम त्यांनी म्हातारपणी केले. वयाच्या पंचाहत्तरीत माणूस नातवंडांत रमतो. यांनी विद्यापीठ काढले. जन्मगाव सागर, कोपऱ्यातले, रेल्वेच्या मुख्य वाटेवरचेही नव्हे. जबलपूरसारखे मोठे शहर जवळ असताना सागरला विद्यापीठ कशाला, असे लोक म्हणणारच. पण गौर हटले नाहीत. वकिलीत आयुष्यभर मिळवलेल्या पैशातून त्यांनी वीस लाख रुपये दिले. १९४६ चे वीस लाख! तेव्हा मजुराची रोजी काही आण्यांत होती हे घरातल्या म्हाताऱ्यांनी आपल्याला सांगितलेले आहे. १८ जुलै १९४६ रोजी विद्यापीठ सुरू झाले. इमारत नव्हती, म्हणून मकरोनिया येथे महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या बराकींत वर्ग भरले. ते स्वतः पहिले कुलगुरू झाले, आणि मृत्युपत्रात आपल्या मालमत्तेचा मोठा वाटा विद्यापीठाला लिहून ठेवला. मध्यप्रांतातली हिंदी भागातली कॉलेजे तोवर नागपूरला जोडलेली होती, त्यांना आता आपले विद्यापीठ मिळाले. पुढे ते पठारिया टेकडीवर गेले, १९८३ मध्ये त्याला डॉ. हरिसिंग गौर यांचे नाव मिळाले आणि २००९ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ झाले.

आपल्याकडेही शिक्षणसंस्था काढणारे पुष्कळ आहेत. बहुतेकांनी सरकारच्या अनुदानावर आणि पालकांच्या देणगीवर काढल्या आणि घर बांधले. इथे माणसाने घर रिकामे करून संस्था बांधली. कोणाला लागले तर माफ करा.

१० ऑक्टोबर १९४९ पासून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा भारतावरचा अधिकार संपला. अट्ठावीस वर्षांपूर्वीचा ठराव त्यांच्या डोळ्यांदेखत खरा झाला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले. तो त्यांचा एकोणऐंशीवा वाढदिवस. आपण दरवर्षी त्या दिवशी विहारात संविधानाचे उद्देशपत्र वाचतो. आणि महिना पुरा व्हायच्या आतच, २५ डिसेंबर १९४९ रोजी, ते गेले. २५ डिसेंबर म्हणजे १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस. योगायोग म्हणावा आणि सोडून द्यावा, पण पंचांग न मानणाऱ्या माझ्यासारख्यालाही हे दोन दिवस पाहून थोडे थांबावेसे वाटले. सर्वोच्च न्यायालय प्रत्यक्ष सुरू झाले ते जानेवारी १९५० मध्ये. ते पाहायला ते नव्हते.

त्या मुलीला मी नंतर खरे काय ते सांगितले. तिची थोरली आता दहावीला आहे. नाव ऐकून ती म्हणाली, काका, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नाही. मी म्हटले, मलाही नाही.

‘द स्पिरिट ऑफ बुद्धिझम’ ची प्रत आपल्या विहाराच्या वाचनालयात नाही. नागपूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दोनदा विचारून आलो, मिळाली नाही. कोणाच्या पाहण्यात आली तर विहाराच्या कार्यवाहांना कळवावे. पैसे आपण वर्गणीतून देऊ.